राजवाड्यातली शाळा

(पडद्यावर: साताऱ्यातला राजवाडा परिसर, सकाळची गर्दी)

साताऱ्यात कुणालाही ‘राजवाडा कुठे?’ म्हणून विचारा. आधी बसस्टँड दाखवतील, मग चौपाटी, मग गोलबाग. ज्या वाड्यावरून या सगळ्या भागाला नाव पडलं, त्याचा नंबर शेवटी लागतो!

छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी हा वाडा 1824 साली बांधला. राजघराण्यातल्या मुलींच्या शिक्षणाची सोय तेव्हाही इथे होती, असं सांगतात. पण महाराजांना तो फार काळ लाभला नाही. 1839 मध्ये इंग्रजांनी त्यांना गादीवरून उतरवून काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले, वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. हाती काही लागलं नाही. 1847 मध्ये महाराज काशीतच वारले. पुढच्या वर्षी त्यांचे भाऊ शहाजी महाराज गेले आणि औरस वारस नाही या सबबीवर डलहौसीने राज्य खालसा केलं.

राज्य गेलं, वाडा राहिला. 1851 मध्ये तो शाळेला मिळाला. 1871 मध्ये शाळेचं नाव पडलं सातारा हायस्कूल.

सरकारी शाळा म्हणजे सगळ्यांची, हे त्या काळी गृहीत धरता येत नव्हतं. 1856 मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि मुंबई सरकारनेही ते उचलून धरलं. प्रकरण लंडनपर्यंत पोचलं. तिथून ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी बजावलं, की सरकारी शाळांत जात आड येता कामा नये. निदान कागदावर तरी दार उघडलं.

(पडद्यावर: शाळेचं जुनं रजिस्टर)

7 नोव्हेंबर 1900. लष्करातून निवृत्त झालेल्या सुभेदार रामजींच्या मुलाचं नाव इथे इंग्रजी पहिलीत, म्हणजे आताच्या पाचवीत, घातलं गेलं. रजिस्टरमध्ये क्रमांक 1914. नाव : भिवा रामजी आंबेडकर.

साताऱ्यातल्या त्या शाळकरी दिवसांबद्दल बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. वर्गात कोपऱ्यात वेगळं बसायचं. बसायला गोणपाटाचा तुकडा घरून आणायचा आणि संध्याकाळी परत न्यायचा, कारण झाडलोट करणारा नोकरही त्याला हात लावत नसे. इतर मुलांना तहान लागली की मास्तरांना विचारून नळावर जाता येई. याला नळाला हात लावायची मुभा नाही. शिपाई येऊन नळ सोडेल तेव्हाच पाणी. शिपाई रजेवर असला, की त्या दिवशी तहान घरी नेऊनच भागवायची. लंडनचा हुकूम दारापर्यंत पोचला होता, नळापर्यंत नव्हता.

याच शाळेत आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक होते. या मुलावर त्यांचा जीव. स्वतःच्या शिदोरीतली भाजी-भाकरी ते त्याला देत, आणि ही आठवण बाबासाहेबांनी पुढे आवर्जून सांगितली.

1904 मध्ये कुटुंब मुंबईला गेलं आणि भिवा एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये दाखल झाला.

1951 मध्ये साताऱ्याच्या शाळेला वाडा बांधणाऱ्याचंच नाव मिळालं : छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल. रजिस्टर तिने जपून ठेवलंय. 2017 पासून 7 नोव्हेंबर हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. आपल्याकडे थोरामोठ्यांच्या जयंत्या-पुण्यतिथ्यांनी कॅलेंडर भरलेलं असतं. शाळेत नाव घातल्याची तारीख त्यात शिरली, हे फार बरं झालं.