साडेचार: दिब्रुगडचे आणि द्वारकेचे

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबर अखेरचा दिवस धरा. घड्याळात साडेचार. आसामात, दिब्रुगडला, सूर्य नुकताच मावळलाय. दुकानांत दिवे लागलेत, ब्रह्मपुत्रेवरून गारवा येतोय. त्याच साडेचारला द्वारकेत भिंतींवर लख्ख ऊन आहे. दुपारी बंद झालेलं द्वारकाधीशाचं मंदिर पाचच्या सुमाराला उघडतं, तोवर गाव वामकुक्षी आटोपून डोळे चोळत असतं. तिकडे दिवेलागण, इकडे दुपारचा चहा. आणि तो चहा बहुधा तिकडचाच!

दोन्ही गावांच्या रेखांशांत जवळपास २६ अंशांचं अंतर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे झाले साधारण पावणेदोन तास. घड्याळ मात्र दोघांचं एकच, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंशांच्या रेषेवरचं.

चहामळ्यांनी यावर केव्हाच तोड काढली. तिथे ‘बागान टाइम’ चालतो, भारतीय वेळेच्या एक तास पुढे. जूनमध्ये तिकडे सव्वाचारला उजाडतं. हाती आलेला उजेड कोण वाया घालवेल? दोन पानं आणि एक कळी खुडणाऱ्या बाईच्या मळ्यात आठ वाजतात तेव्हा गावातल्या स्टेशनावर सातच वाजलेले असतात. त्यामुळे कुणी वेळ सांगितली, की आधी विचारायचं, ‘कुठला टाइम?’

आपण हसायचं कारण नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी ३९ मिनिटं मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ मुंबईत १९५५ पर्यंत टिकून होता.

द्वारकेनं असलं वेगळं घड्याळ लावलं नाही. हिवाळ्यात तिथे सूर्य उगवायला साडेसात होतात, पण त्याची भरपाई संध्याकाळी होते. जूनमध्ये साडेसात वाजून गेले तरी सूर्य समुद्रावर रेंगाळतो, गोमतीच्या घाटावरची माणसंही रेंगाळतात. उशिरा उजाडलं म्हणून कुणी फारसं कुरकुरत नाही. लवकर अंधारलं, की मात्र दिवस कुणीतरी चोरल्यासारखं वाटतं.

राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये देशासाठी दोन प्रमाणवेळा सुचवल्या होत्या. सीमा बंगाल आणि आसामच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, म्हणजे घड्याळं बदलावी लागतील अशी स्टेशनं थोडकीच. मला विचाराल तर ईशान्येची मागणी रास्त आहे. तिथल्या माणसानं कचेरीतून अंधारातच का घरी जावं?

ओखा ते गुवाहाटी अशी एक गाडी आहे, नाव द्वारका एक्स्प्रेस. द्वारकेला चढलेल्या प्रवाशाला वाटेत घड्याळाला हात लावावा लागत नाही. उन्हाळ्यात मात्र आसाम जवळ आलं, की एका पहाटे खिडकीतून भक्क उजेड आत येतो. झोप लागून गेली, स्टेशन चुकलं, असं वाटून तो धडपडून उठतो आणि मनगट डोळ्यांसमोर धरतो. पाच वाजलेले असतात.