दहातील सात

गोव्यातील एका वाड्यावर नुकते उजाडले आहे आणि बंद दुकानाच्या पायरीवर झोपलेल्या तांबूस कुत्र्याकडे दोघेजण, हातातली जाळी पाठीमागे धरून, दबक्या पावलांनी निघाले आहेत. जाळी पडते, कुत्रा क्षणभर झटापट करतो. तिसरा माणूस जाळीतूनच रेबीजची लस टोचतो, डोक्यावर रंगाचा ठिपका उमटवतो आणि मोबाइलवर नोंद करतो. जाळी उचलताच कुत्रा पळतो खरा, पण पुढच्या वळणावर थांबून मागे पाहतो, कारण ही त्याचीच हद्द आहे.

त्याला इथेच सोडणे महत्त्वाचे आहे. कुत्री मारली किंवा दूर नेली, तरी उकिरडा तसाच राहतो आणि त्या अन्नावर लस न मिळालेली नवी कुत्री येतात.

रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही, म्हणून हा रोग कुत्र्यांमध्येच अडवावा लागतो. दहापैकी सात कुत्र्यांना लस मिळाली, तर पिसाळलेल्या कुत्र्याकडून रोग पुढे जाण्याची साखळी तुटते. मात्र भटक्या कुत्र्याचे आयुष्य तोकडे असते आणि वरचेवर नवी पिल्ले जन्मतात, त्यामुळे यंदा गाठलेले प्रमाण वर्षभरात घसरते. निर्बीजीकरणाचे मोल इथे आहे, कारण पिल्ले कमी झाली की लस दिलेल्या कुत्र्यांचे प्रमाण टिकते. तरीही शस्त्रक्रियेला भूल, टाके आणि काही दिवसांची देखरेख लागते, तर लशीला जेमतेम मिनिट लागते. म्हणून पैसा आणि माणसे अपुरी असतील तिथे आधी लस दिली जावी, असे आम्हांला ठामपणे वाटते.

गोवा सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी २०१४ पासून हे काम वाडे पिंजून केले आणि पुढे वर्षाला एक लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस मिळू लागली. २०१८ ते २०२० या तीन वर्षांत राज्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाला. पण कुत्र्याला सीमा ठाऊक नसते. उत्तर सीमेवरच्या पत्रादेवीपलीकडे महाराष्ट्रातले सिंधुदुर्ग आहे, दक्षिण सीमेवरच्या पोळेपलीकडे कर्नाटकातले कारवार.

तांबूस कुत्र्याच्या डोक्यावरचा ठिपका काही दिवसांत पुसला जाईल. पुढच्या वर्षी हीच माणसे याच पायरीपाशी परत येतील, तेव्हा त्यांना इथे जन्मलेली नवी पिल्लेही शोधावी लागतील.