सूर्याच्या शेजाऱ्यांची यादी

नमस्कार, श्रोतेहो.

मे अखेरीस वळवाचे ढग नसतील, तर रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिणेकडे बघा. जागा मात्र नाशिकच्या पांडवलेण्यांचा डोंगर आड येणार नाही अशी धरा. क्षितिजापासून जेमतेम नऊ अंशांवर दोन ठसठशीत तारे शेजारीशेजारी दिसतील. डावीकडचा मित्र, उजवीकडचा मित्रक. मित्र आपल्यापासून ४.३७ प्रकाशवर्षांवर आणि मित्रक चारशेच्या आसपास! नुसत्या डोळ्यांना काही पत्ता लागत नाही.

मग अंतर मोजायचं कसं? हात लांब करून अंगठा धरा, आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा सरकल्यासारखा वाटतो. ताऱ्यांसाठी आपले दोन डोळे म्हणजे पृथ्वीच्या कक्षेची दोन टोकं. एकदा बघायचं, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. १८३८ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय, म्हणजे अशा सरकण्याचा निम्मा कोन, मोजला. एका अंशाचे साडेअकरा हजार भाग केले, तर त्यातला एक भाग. दुर्बिणीला डोळा लावून हे साधलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

पुढे १९५७ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म ग्लीझ यांनी ६५ प्रकाशवर्षांच्या आतल्या ताऱ्यांची सूची काढली. नोंदी नऊशेच्या थोड्या वर. आजही कित्येक ताऱ्यांना त्यांच्याच सूचीतला क्रमांक हेच नाव आहे. ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्या गाया यानाच्या मोजणीवरून २०२१ मध्ये ३२६ प्रकाशवर्षांपर्यंतची यादी आली, तिच्यात ३,३१,३१२ नोंदी आहेत. काही जुने 'शेजारी' नव्या मोजणीत बरेच लांबचे निघाले आणि नावं खोडावी लागली.

खरी अडचण मंद ताऱ्यांची. शेजारच्या ताऱ्यांत बहुसंख्य लाल बटू, म्हणजे लहान, मंद, लालसर तारे, आणि त्यातला एकही नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. मित्राच्याच कुटुंबातला प्रॉक्झिमा ४.२४ प्रकाशवर्षांवर, म्हणजे सगळ्यांत जवळ, तरी तो १९१५ साली सापडला. तपकिरी बटू, म्हणजे तारा होता होता राहिलेले गोळे, तर त्याहून अंधूक. साडेसहा प्रकाशवर्षांवरची त्यांची एक जोडी २०१३ पर्यंत कुणाच्याच यादीत नव्हती. २०१४ मध्ये ७.४ प्रकाशवर्षांवर आणखी एक सापडला, तो इतका गार की निफाडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायला लावणारी थंडी आठवावी. असले बटू उष्णतेचे किरण टिपणाऱ्या अवरक्त दुर्बिणींनाच सापडतात, आणि तो शोध अजून चालू आहे.