हँक ओडे: दुसऱ्या बेसवरची नजर

मंडळी, क्रिकेटवर वाढलेला माणूस बेसबॉल पाहायला बसला की हमखास अडतो तो ‘फोर्स आउट’पाशी. तो समजून घ्यायला हँक ओडे या जुन्या अमेरिकन अंपायरसारखा गुरू नाही.

ओडे मूळचे शिकागोचे. १८८४ मध्ये ते टोलेडो संघाचे पिचर, म्हणजे बेसबॉलचे गोलंदाज, झाले.   पुढे १८९५ पासून ते नॅशनल लीगचे अंपायर.

आता नियम. बॅटरने चेंडू मारला की त्याला पहिला बेस हवा, म्हणून तिथे आधीच उभ्या असलेल्या रनरला, म्हणजे धावणाऱ्या गड्याला, दुसरा बेस गाठावाच लागतो. त्याआधी फील्डरने चेंडू हातात घेऊन त्या बेसवर पाय ठेवला, की रनर बाद. आपल्याकडे रनआउटपूर्वी पूर्ण झालेली धाव धरतात. इथे डाव संपवणारा तिसरा गडी असा बाद झाला, तर आधी होमला, म्हणजे बॅटरच्या जागी, पोचलेली धावही रद्द!

४ सप्टेंबर १९०८, पिट्सबर्ग. विजयी फटका बसताच पहिल्या बेसवरचा पिट्सबर्गचा गिल दुसऱ्याला न शिवताच वळला. शिकागो कब्ज (Cubs) या प्रतिस्पर्धी संघाच्या एव्हर्सने चेंडू घेऊन दाद मागितली. पण ओडे एकटेच अंपायर, नजर होमवर. दुसरा बेस तिथून सुमारे १२७ फूट. न पाहिलेली गोष्ट त्यांनी बाद दिली नाही, आणि हेच योग्य होतं.

१९ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये पुन्हा तेच कब्ज, तोच एव्हर्स. १-१ बरोबरी, नववी इनिंग, दोन बाद. ब्रिडवेलच्या फटक्यावर तिसऱ्या बेसवरचा मॅककॉर्मिक होमला आला, प्रेक्षक मैदानात घुसले, आणि पहिल्या बेसवरचा, न्यूयॉर्कचा १९ वर्षांचा मर्कल अर्ध्या वाटेतून क्लबहाउसकडे वळला. त्या काळी सगळेच तसं करत. पोराला दोष देणं मला कधीच पटलेलं नाही. एव्हर्सने पुन्हा दाद मागितली. बेसवरचे अंपायर एम्स्ली, तेही जुने पिचर, चेंडू चुकवताना खाली पडले होते. त्यांनी ओडेंना विचारलं. ओडेंनी या वेळी दुसऱ्या बेसवर नजर ठेवली होती. मर्कल बाद, धाव रद्द. गर्दी आणि अंधारामुळे सामना बरोबरीत सुटला. ८ ऑक्टोबरला तो पुन्हा खेळवला गेला. कब्ज ४-२ ने जिंकले आणि लीगचं विजेतेपद त्यांच्याकडे गेलं.