दोन मिलीमीटरचा दगड आणि आखाताचं ऊन

[दृश्य : राजस्थानातलं एक शेड. टेबलावर काळी लादी, तिच्यावर ओली जाळी.]

हे टेबलावर जे पडलंय ना, ती स्लेट. आपल्या शाळेतल्या पाटीचा दगड तोच. ह्या दगडात थर मुळातच असतात, कांद्यासारखे, आणि सगळा धंदा ह्या एका गोष्टीवर उभा आहे. लादी सारखी करून घ्यायची, तिच्यावर काचेच्या धाग्यांची जाळी अंथरायची, पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे एक चिकट पातळ प्लास्टिक, लावायचं, ते पक्कं होईपर्यंत थांबायचं, आणि मग कारागीर एका कोपऱ्यातून जाळी धरून असा हळू उचलतो की जाळीबरोबर दगडाचा पापुद्राच सुटून येतो. बघायला भारी वाटतं, खोटं कशाला बोला. एका लादीतून असे बरेच पापुद्रे निघतात, दोन्ही बाजूंनी.

जे हातात येतं ते साधारण ४ फूट बाय २ फूट, जाडी दीड-दोन मिलीमीटर. पुढून खरा दगड, मागून रेझिन आणि जाळी. थोडं वाकतं, गोल खांबाला बसतं, कटरने कापता येतं. बाजारात ह्याला फ्लेक्सिबल स्टोन किंवा स्टोन व्हिनियर म्हणतात.

आता हे परदेशी का जातं, तर वजन. २० मिलीमीटर ग्रॅनाइट घेतलं तर चौरस फुटाला जवळजवळ ५ किलो होतं, हे व्हिनियर पाव किलोच्या आसपास. वीस फुटी कंटेनरमध्ये २६ टन माल धरा, म्हणजे ग्रॅनाइट ५,२०० चौरस फूट गेलं की वजनाची मर्यादा संपली आणि कंटेनर अर्ध्याहून जास्त रिकामाच राहतो. व्हिनियर त्याच कंटेनरमध्ये, पेट्या-फळ्या-मधली जागा सोडून, भीत भीत हिशेब केला तरी दहापट फूट जातं. भाडं तेच. शिवाय तिकडे उतरल्यावर क्रेन नको, भिंतीत लोखंडी क्लॅम्प नको, दोन माणसं शीट उचलून लिफ्टने वर नेतात. जुन्या हॉटेलची लॉबी नवी करायची असेल तर आहे त्या टाइल्सवरच चिकटवून टाकतात, तोडफोड नाही की मलबा नाही.

[दृश्य : मुंद्रा बंदर. कंटेनर चढतायत.]

राजस्थानचा माल बहुतेक करून मुंद्र्याहून जातो, काही न्हावा शेवाहूनही. दुबईच्या जेबेल अली बंदराला जहाज चार-पाच दिवसांत पोचतं. १ मे २०२२ पासून भारत-यूएई व्यापार करार लागू झाला, त्याने तिकडची नेहमीची ५ टक्के ड्युटी बऱ्याचशा भारतीय मालावरून गेली, फक्त ओरिजिन सर्टिफिकेट, म्हणजे माल भारतातलाच असल्याचा दाखला, नीट लागतं. आणि मालाचा कस्टमचा कोड नीट लागतो. स्लेट असेल तर ६८०३, बाकीचा घडवलेला दगड असेल तर ६८०२, आणि मागे रेझिन बघून तिकडच्या एखाद्या अधिकाऱ्याला वाटलं की हे प्लास्टिक आहे, तर मग बसा पत्रव्यवहार करत. लाकडी पेट्यांवर पण शिक्का लागतो, लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलं पाहिजे, कीड पेटीबरोबर तिकडे जाऊ नये म्हणून. गंमत बघा, पेटीच्या लाकडाला किती अंश सोसलेत त्याचा पुरावा सगळे विचारतात, आतल्या मालाला किती सोसतात ते बरेच जण विचारतच नाहीत.

आणि आपली गोष्ट खरं तर इथेच सुरू होते.

[दृश्य : दुबई. दुपार. पश्चिमेकडची भिंत.]

जुलैमध्ये दुबईत हवा ४०-४५ अंश असते. पण भिंत म्हणजे हवा नव्हे. गडद रंगाची, पश्चिमेला तोंड असलेली भिंत दुपारनंतर ७० अंशांच्या घरात जाते. आणि साधं पॉलिएस्टर रेझिन साधारण ६०-७० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं. त्यात रेझिन उन्हात दगडापेक्षा कितीतरी जास्त पसरतं, म्हणजे पुढचा दगड एका हिशोबाने फुगतोय, मागची पाठ दुसऱ्याच हिशोबाने, आणि रात्री दोघं परत आकसतायत. रोज. परिणाम काय, तर कडा उचलल्या जातात, सांधे उघडतात. किनाऱ्याजवळ असाल तर त्या उघड्या सांध्यांतून खारी दमट हवा आत जाते ती वेगळीच.

बरं, सगळ्यात जास्त खपतात ते रंग कुठले? काळा, तांबूस, गडद करडा. फोटोत छान दिसतात ना. नेमके तेच सगळ्यात जास्त तापतात.

काही विक्रेते सरळ सांगतात की हे लावलं की भिंत थंड राहते. नाही राहत. दोन मिलीमीटरच्या पापुद्र्याने उष्णता अडत नाही, ते शक्यच नाही. उष्णता अडते ती मागच्या इन्सुलेशनने, मध्ये हवा खेळती ठेवलेल्या पोकळीने, आणि फिक्या रंगाने जो ऊन परत फेकतो. दुबईतच अल फहिदीच्या जुन्या मोहल्ल्यात जा. समुद्रातल्या प्रवाळाचा दगड, वरून जिप्समचा गिलावा, जाड भिंती, अरुंद गल्ल्या, डोक्यावर वारा खाली ओढणारे मनोरे. त्या लोकांकडे एसी नव्हता, म्हणून भिंतीकडून त्यांनी काम करून घेतलं. आजचा टॉवर काचेचा आणि वरून हा पापुद्रा, तर पापुद्रा हा फक्त चेहरा आहे. चेहरा म्हणून विका ना, त्यात कमीपणा काय आहे?

चिकटवण्याचं पण तेच. गोंद असो की टाइल अ‍ॅडहेसिव्ह, तापलेल्या भिंतीवर लावलं की वरून लगेच साय धरतं, शीट दाबेपर्यंत आतलं मेलेलं असतं. यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्यानेच बंदी आहे, ती माणसांसाठी आहे आणि असायलाच पाहिजे, पण बाहेरच्या भिंतीचं काम उन्हाळ्यात पहाटेच किंवा रात्री करावं लागतं ते अ‍ॅडहेसिव्हमुळे पण. ते काम करणारे हात आपल्याच बाजूचे असतात बरं का, भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ. रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांतून माणूस आखातात आहे, त्यांना हे नवीन सांगायला नको.

[दृश्य : रात्रीचं शहर. दूरवर उंच इमारती.]

आता आग. ह्याच्यावर जरा थांबू, कारण निम्मा व्यवहार इथे अडतो.

३१ डिसेंबर २०१५. दुबईत बुर्ज खलिफाची न्यू इयरची आतषबाजी बघायला लाखो लोक जमलेले, आणि बाजूचं अ‍ॅड्रेस डाउनटाउन हॉटेल पेटलं, सगळ्या जगाने लाइव्ह बघितलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत टॉर्च टॉवरला आग लागलेली, २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्याच टॉर्चला परत. त्याच्या आधी जूनमध्ये लंडनचा ग्रेनफेल टॉवर पेटला, ७२ माणसं गेली. ह्या आगी बाहेरच्या भिंतीवरून मजल्यामागून मजला वर चढत गेल्या, कारण बाहेर लावलेल्या अ‍ॅल्युमिनियम पॅनलच्या पोटात पॉलिएथिलिन होतं. पॅनल हलकं, स्वस्त, चकचकीत, आणि आत चक्क प्लास्टिक.

त्याच्यानंतर यूएईने फायर कोड कडक केला. आता नुसता दगडाचा तुकडा जाळून दाखवून भागत नाही, बाहेरच्या भिंतीसाठी पूर्ण भिंतीचा नमुना, म्हणजे इन्सुलेशन, अ‍ॅडहेसिव्ह, पॅनल सगळं एकत्र उभं करून जाळून बघतात. सिव्हिल डिफेन्सची, म्हणजे तिकडच्या अग्निशमन खात्याची, मंजुरी नसेल तर कन्सल्टंट तुमची शीट हातात पण घेत नाही.

आणि इथे आपला निर्यातदार म्हणतो, अहो पण हा तर दगड आहे, दगड कुठे जळतो! बरोबर, दगड नाही जळत. मागची पाठ जळते. ज्या रेझिनमुळे हा माल पाव किलोत बसला, तेच रेझिन आगीत आणि उन्हात आडवं येतं. आग रोखणारं रेझिन मिळतं, लोक वापरतात पण, तरी त्याने खर्च वाढतो आणि टेस्ट प्रत्येक बनावटीची वेगळी करावी लागते. काल ज्या रेझिनवर रिपोर्ट घेतला ते बदलून आज दुसरं स्वस्त वापरलं तर तो रिपोर्ट म्हणजे रद्दी.

माझं स्वतःचं मत सांगतो, पटलं तर घ्या. हा माल उंच इमारतीच्या बाहेरच्या भिंतीसाठी विकायच्या फंदात पडूच नये. लॉबी, रेस्टॉरंट, व्हिलाची बैठक, लिफ्टसमोरची भिंत, कपाटांची दारं, हे त्याचं खरं घर. तिथे एसी असतो, ऊन नसतं. आगीची टेस्ट तिथेही लागते, पण ती वेगळी आणि आवाक्यातली असते. सौदीला पाठवायचं असेल तर सेबर नावाच्या पोर्टलवर मालाचं सर्टिफिकेट, वर प्रत्येक खेपेचं वेगळं, हे धरूनच भाव सांगा, नाहीतर नफा कागदपत्रांतच जिरतो.

[दृश्य : पुन्हा शेड. दगड कापायचं मशीन, पाण्याची धार.]

राहिला तो सस्टेनेबल शब्द, जो प्रत्येक ब्रोशरवर असतो. अर्धा खरा आहे. एका लादीत कितीतरी पट भिंत झाकली जाते, म्हणजे खाणीतून दगड कमी निघतो, ट्रकला आणि जहाजाला इंधन कमी लागतं, इमारतीवर बोजा कमी येतो. पण उरलेला अर्धा कोणी छापत नाही. पक्कं झालेलं पॉलिएस्टर परत वितळत नाही, काचेची जाळी आणि दगड त्याच्यापासून सुटत नाहीत, त्यामुळे दहा वर्षांनी लॉबी परत नवी केली की ही शीट थेट कचऱ्यात. शेडमध्ये रेझिनचा जो उग्र वास येतो तो स्टायरीनचा, तो कामगाराच्या छातीत जातो.

आणि धूळ. मध्य प्रदेशातल्या मंदसौरच्या कारखान्यांत पाटीवरच्या पेन्सिली बनवणाऱ्या कामगारांची काय अवस्था झाली ते डॉक्टरांनी पूर्वीच लिहून ठेवलंय, सिलिकोसिस, ऐन तारुण्यात फुफ्फुसं दगड झालेली. राजस्थान सरकारला २०१९ मध्ये ह्या धुळीच्या आजारांसाठी वेगळं धोरण आणावं लागलं. म्हणून ही पाण्याची धार बघा नीट, लादी कापताना ओलं कापलं तर धूळ बसते, कोरडं कापलं तर ती हवेत उडते. परदेशातला ग्राहक ग्रीन बिल्डिंग सर्टिफिकेटचे पॉइंट मोजताना शीटमधून वास किती सुटतो ते विचारतो, कार्बनचा हिशेब मागतो, ह्या पाण्याबद्दल मात्र क्वचितच विचारतो.

चीनचं सॉफ्ट स्टोन पण आता ह्याच गिऱ्हाइकाकडे जातंय, मातीत पॉलिमर मिसळून केलेली पातळ शीट, हवा तो रंग, हवं ते टेक्श्चर, दर शीट सारखी. आपल्याकडे खरा दगड आहे, म्हणून दर शीट वेगळी, आणि हाच गुण म्हणून विकायचा असतो, पण ऑर्डर ५०० शीटची असली आणि तीनशेव्या शीटला रंग बदलला की तीच तक्रार होते. म्हणून इथे लोक एका खेपेचा माल एकाच खाणीच्या दगडातून काढतात, शेडमध्ये जमिनीवर पसरून फोटो पाठवतात, तिकडून होकार आला की मगच पेटी ठोकतात.

काचेच्या जाळीऐवजी मागे सुती कापड लावून भिंतीच्या कागदाइतकं पातळ पण करतात आता. ते आणखी हलकं असतं, छान वळतं, फक्त आतल्या कोरड्या भिंतीलाच चालतं. त्याचे सॅम्पल पण आखातात जातात, चार-चार इंचाचे तुकडे, मागे रेझिनच्या बॅचचा नंबर लिहिलेला असला तर उत्तम. बऱ्याचदा नसतो.