थंडीतली डार्करूम

काल रात्री फोटो धुण्याच्या डार्करूममधल्या या बाटलीत ॲसिड द्रवरूप होतं. सकाळी बघावं तर काचेआड पांढरे स्फटिक घट्ट बसलेत. पाणी गोठेल इतकी थंडी खोलीत नव्हती, पण ग्लेशियल, म्हणजे जवळजवळ पाणी नसलेल्या, ॲसिटिक ॲसिडला तेवढी लागतही नाही. ते १६.६ अंशांनाच गोठतं.

स्टॉप बाथसाठी, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या द्रावणासाठी, लागणारं हे ॲसिड पाण्याच्या नेमकं उलट वागतं. गोठताना आकसतं, वितळताना फुगतं. म्हणजे बाटली तडकण्याची भीती वितळताना जास्त. हीटरशेजारी तर ती मुळीच ठेवू नका. चाळीस अंशांच्या आसपास याच्या वाफा ठिणगीनेही पेट घेतात. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये उभी करा, उबदार खोलीत ठेवा आणि सावकाश वितळू द्या. खरं तर घरच्या डार्करूमला हे ॲसिड हवंच कशाला? याचंच २८ टक्क्यांचं द्रावण मिळतं आणि ते खोलीतल्या गारठ्यात गोठत नाही.

आता डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण. थंडीत त्यातले क्षार तळाशी बसतात. वरचं स्वच्छ पाणी ओतून घेतलं, तर फिल्मला मिळणारं द्रावण निराळंच असतं. बाटली कोमट पाण्यात धरा, हलवा, तळ पूर्ण विरघळू द्या. विरघळतच नसेल, तर त्यावर फिल्म वाया घालवू नका. बाटली निस्तरली तरी तापमान उरतंच: वीस अंश हे नेहमीचं, आणि बारा-तेराच्या खाली डेव्हलपरमधलं हायड्रोक्विनोन हे रसायन जवळजवळ काम सोडतं.

एक पेच मात्र आहे. हवेने डेव्हलपर खराब होतो, म्हणून बाटली काठोकाठ भरतात. पण द्रावण गोठलं तर त्यातलं पाणी नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं, आणि भरलेली काच फुटते. तेव्हा शून्याखाली जाणारं गॅरेज बाद. घरातलं कुलूपबंद कपाट बरं, मुलांच्या हाताबाहेरचं. खाण्याच्या फ्रिजमध्ये किंवा शीतपेयाच्या जुन्या बाटलीत काहीही नको. चिठ्ठी चिकटवली तरीही नको.

हायपोची, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरची, गोष्ट थोडक्यात: स्फटिक दिसले तर तेही कोमट पाण्याने विरघळवा. हिवाळ्यात खरी चूक होते ती खिडक्या लावून घेण्याची. आम्लयुक्त फिक्सरमधून सल्फर डायऑक्साइडचा झणझणीत वास सुटतो आणि बंद खोलीत तो छातीत बसतो. ट्रे झाकून ठेवा, एक्झॉस्ट पंखा चालू राहू द्या. थंडी वाजत असेल तर स्वेटर चढवा, खिडकी बंद करू नका.