शिंपल्यातला गेरू

(दृश्य : कड्यातली गुहा, खाली समुद्र)

केपटाऊनपासून पूर्वेला सुमारे ३०० किलोमीटरवर ही ब्लॉम्बोस गुहा. २००८ साली इथल्या वाळूत दोन मोठे शिंपले सापडले, अबलोन नावाच्या समुद्री गोगलगायीचे, वाटीसारखे खोलगट. वय एक लाख वर्षं. तळाशी लाल थर.

(दृश्य : शिंपला, अगदी जवळून)

या थरात गेरूची पूड आहे, कोळसा आहे आणि ठेचलेल्या हाडांचा चुरा. हाडं ठेचण्याआधी तापवलेली, बहुधा आतली चरबी सुटावी म्हणून. गेरूचा खडा दगडावर उगाळलाय. सहाणेवर हळकुंड उगाळणाऱ्या घरांत ही कृती समजावून सांगायला नको. अबलोनच्या शिंपल्याला मात्र मुळातच छिद्रांची ओळ असते. ती बुजवल्याशिवाय आत पातळ काही राहणार नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? डिंक किंवा राळ मिळालेली नाही, म्हणजे हत्यारं चिकटवायचा हा लुकण दिसत नाही. उत्खनन करणाऱ्या ख्रिस्तोफर हेन्शिलवूड यांच्या मते हा रंग असेल, किंवा कातडी राखायचा लेप.

(दृश्य : नामिबिया, लाल माखलेले हात)

लेपाकडे माझा कल आहे, तो इथल्या हिंबा जमातीच्या बायकांमुळे. लोणी आणि गेरू कालवून त्या अंगाला, केसांना लावतात. नाव ओत्जिझे. चाचण्यांत दिसलं की गेरू उन्हातली अतिनील किरणं अडवतो आणि डासांनाही लांब ठेवतो. लोह जास्त आणि पूड बारीक, तेवढं ऊन कमी लागतं. अर्थात हिंबा आजची माणसं आहेत. त्यांच्या सवयीवरून ब्लॉम्बोसचा निकाल लावता येत नाही.

आणि रंग की औषध, हा प्रश्न तरी त्या माणसांना पडला असेल का? आपल्याकडे अंगावर पित्त उठलं की गेरू चोळतात. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात तो ‘गैरिक’, ‘उपरस’ म्हणवणाऱ्या खनिज औषधांपैकी एक. तोच गेरू तुळशीच्या कुंडीलाही लागतो.

(दृश्य : लाल टोकाचं हाड)

एका शिंपल्यासोबत कुत्र्याच्या कुळातल्या प्राण्याचं हे हाड होतं. टोक लाल. मिश्रण उचलायला वापरलेलं. वाटायचा गोटा शिंपल्यातच ठेवून माणसं निघून गेली. मग वाऱ्यानं वाळू आत आणली.